ढोमणेजींच्या तीन दुरुस्त्या

मागच्या हिवाळ्यापर्यंत आमच्या नंदनवन वस्तीतल्या चहाच्या टपरीवर एक ठरावीक गाणं लागलं, की गुलाबराव ढोमणे स्कूटर थांबवायचे, स्टँडवर लावायचे आणि टपरीवाल्याला सांगायचे, ‘‘हे गाणं चुकीचं आहे जी.’’

टपरीवाला नवा असला तर गडबडून मोबाइल बंद करायला जायचा. तेव्हा ढोमणेजी त्याचा हात धरायचे. ‘‘बंद काहून करता? मी फक्त सांगून राहिलो. पुरं होऊ द्या.’’ मग शेवटच्या ओळीपर्यंत ते मान खाली घालून उभे राहायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे, आणि गाणं संपलं की म्हणायचे, ‘‘मोजून सांगतो. तीन चुका.’’

हा प्रकार मी औषधाच्या दुकानात पाहिला आहे, साड्यांच्या दुकानात पाहिला आहे. एका लग्नात तर ते थेट वाद्यवृंदाच्या स्टेजवर चढले होते. नवरीच्या मामांनी त्यांना अदबीने खाली उतरवलं आणि जेवणाच्या रांगेत नेऊन उभं केलं. त्यांना वाटलं, म्हातारे गृहस्थ भुकेले आहेत. ढोमणेजी जेवले आणि मामांनाही तीन चुका सांगून आले.

मी त्यांच्या शेजारी राहते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. माहेर नाशिकचं, पण लग्नानंतरची सगळी वर्षं नागपुरातच गेली. ढोमणेजी जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस निवृत्त झाला, मोजणी झाली नाही. आमच्या फाटकापासून किराणा दुकान किती पावलं, हे त्यांना पाठ आहे. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी न विचारता आमचं फाटक मोजलं आणि सांगितलं, ‘‘मॅडम, डावीकडून दोन बोटं खाली आहे.’’ तोवर मला ते सरळ दिसत होतं. त्या दिवसापासून आजतागायत तिरकं दिसतं.

‘‘इतकं काय हो मोजता?’’ असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘‘मोजणीची साखळी एक हात इकडची तिकडं झाली, मॅडम, की एखाद्याची विहीर दुसऱ्याच्या वावरात जाते.’’

अशा माणसाच्या हातून गाणं कसं लिहिलं गेलं, हे मला आधी खरंच वाटेना. पण लिहिलं होतं खरं. चाळीसेक वर्षांपूर्वी, तिशीच्या आत असताना. त्यांचं एक हौशी मंडळ होतं. कचेरी सुटल्यावर तालमी करायचे, गणपतीत आणि गावोगावच्या मंडईत कार्यक्रम करायचे. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणारी गावजत्रा. मंडळाची एक कॅसेटही निघाली होती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ढोमणेजींचं. बायको माहेरी गेल्यावर नवऱ्याची घरात कशी फजिती होते, त्याचं.

करपला चुलीवर भात, वरण गेलं उतू,
मांजर पुसते मले, कवा येशील वं तू?

आमच्या गल्लीतल्या गणपतीत हे गाणं दरवर्षी व्हायचंच. ढोमणेजी गळ्यात ढोलकी अडकवून उभे राहायचे आणि आगगाडी सुटावी तसे सुटायचे. भात करपला म्हणताना नाक दाबायचे, वरण उतू गेलं म्हणताना हात भाजल्यासारखा झटकायचे, आणि ‘मांजर पुसते मले’, म्हणजे मांजर मला विचारतं, यानंतर असं काही म्याव करायचे की लहान पोरं खुर्च्यांवरून खाली पडायची. मीही पोट धरून हसले आहे. एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आली होती. ढोलकी गळ्यात गेली, की कुसुमताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, उठायच्या. ‘‘दूध गॅसवर आहे वं ताई,’’ म्हणायच्या आणि घरी जायच्या. इतक्या वर्षांत एकदाही ते दूध उतरवून ठेवून त्या परत आल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मला मोबाइलवर एक गाणं पाठवलं. पुण्याची सानिका नावाची कोणी तरुण गायिका. मागे फक्त पेटी. इतकी सावकाश गात होती, की एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जायला तिला जणू वाटच सापडत नव्हती. ग्रंथालयात दुपारची शांतता होती. दुसऱ्या कडव्याला माझे डोळे भरून आले. तिसरं कडवं संपत आलं तेव्हा कुठे ध्यानात आलं, की अरे, हे तर आपल्या ढोमणेजींचं मांजरीचं गाणं.

संध्याकाळी मी मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. त्यांनी सबंध गाणं ऐकलं. चेहऱ्यावर काहीच नाही.

‘‘कोन आहे ही पोट्टी?’’

‘‘पुण्याची आहे. सानिका नाव.’’

‘‘खाली काय लिहिलं आहे?’’

‘‘गीत, पारंपरिक.’’

‘‘पारंपरिक मतलब?’’

‘‘म्हणजे, कोणी लिहिलं ते माहीत नाही.’’

त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, ‘‘पन मॅडम, मी तं इथं बसलो आहो.’’

मग त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तीन चुका पहिल्यांदा मोजल्या गेल्या. पहिली, तिने मांजर काढून टाकलं होतं. तिथे ‘अंगण पुसतं’ असं घातलं होतं. ढोमणेजींना हे फार लागलं. ‘‘आंगण कसं काय पुसते जी? आंगण झाडतात, सारवतात. अन् मांजर खरं होतं. पांढरं, एका कानाचं. थे रोज पुसे मले.’’ दुसरी चूक, ‘मले’चं ‘मला’ केलं होतं. ‘‘पुण्याले नेलं म्हणून काय गाण्याचे कपडे बदलाचे?’’ आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, ‘कवा येशील वं तू’च्या जागी ती ‘कवा येशील रे तू’ म्हणत होती.

‘‘वं बाईले म्हणतात, रे माणसाले. मतलब मायी बायको ‘रे’ झाली,’’ ढोमणेजी म्हणाले.

आतून कुसुमताईंच्या बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या आणि जरा वेळाने पुन्हा वाजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाण्याखाली लिहिण्यासाठी मला मजकूर सांगितला. ‘‘लिहा. महोदया, उपरोक्त गीताचे बाबतीत सविनय कळविण्यात येते, की सदर गीत अर्जदाराने स्वतः लिहिलेले असून अर्जदार हयात आहे.’’ मी जसंच्या तसं टंकलं. तासाभरात कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, ‘काका, हे जुनं लोकगीत आहे. थोडा अभ्यास करा.’ ढोमणेजींनी ते दोनदा वाचून घेतलं.

‘‘अभ्यास करा म्हणते,’’ ते हळूच म्हणाले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि तेच मला बघवेना.

त्यानंतर ते रोज सहाच्या सुमारास फाटकाशी यायचे. ‘‘पाहा बरं, आज किती लोकायनं ऐकलं?’’ मी आकडा सांगायचे. आकडा ऐकून त्यांचा चेहरा आधी फुलायचा आणि मग पडायचा. दर वेळी याच क्रमाने. लग्नाच्या मोसमात ते गाणं हळदीला वाजायला लागलं, रिक्षांत वाजायला लागलं. आणि ढोमणेजी जिथे तिथे स्कूटर थांबवायला लागले. चुकीचं आहे म्हणायचं आणि बंद करू द्यायचं नाही. हा माणूस नक्की चिडला आहे की हरखला आहे, याचं मला भारी कुतूहल होतं. विचारलं तर म्हणायचे, ‘‘चुका तेवढ्याच आहे की वाढल्या, ते पाहावं लागते.’’

एकदाच ते मोकळेपणाने बोलले. वीज गेली होती, आम्ही दोन्ही घरची माणसं बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. कुसुमताई आत पाणी आणायला गेल्या होत्या.

‘‘मॅडम, मी गायलो तं लोकं हासले. थे गाते तं लोकं रडून राहिले. गाणं एकच आहे. मंग चूक कोनाची?’’

तेवढ्यात कुसुमताई पाणी घेऊन आल्या.

आणि मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून सानिकालाच बोलावलं गेलं. मी संयोजकांकडून तिचा फोन मिळवला आणि सगळी हकिकत सांगितली. मग ती म्हणाली, ‘‘कार्यक्रमाच्या आधी मला त्यांना भेटायचंय. प्लीज.’’

ढोमणेजींनी त्या भेटीची जी तयारी केली, ती मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. ‘दुरुस्तीपत्रक’ असं ठळक शीर्षक घालून त्यांनी एक कागद तयार केला. अनुक्रमांक, चूक, दुरुस्ती, शेरा, असे रकाने. तीन प्रती. एक पोट्टीसाठी, एक स्वतःसाठी, एक कचेरीसाठी. ‘‘कुठली कचेरी?’’ मी विचारलं. ‘‘असू द्या,’’ ते म्हणाले, ‘‘तीन लागतात.’’ निघताना कुसुमताई जरीची साडी नेसून बाहेर आल्या. ‘‘तू कुठं येऊन राहिली वं?’’ ढोमणेजींनी विचारलं. ‘‘येतो म्हटलं तुमच्यासंग,’’ एवढंच म्हणून त्या रिक्षात बसल्या.

ग्रंथालयातलं वाचनाचं मोठं टेबल मी रिकामं करून ठेवलं होतं. सानिका आली. साधी, चष्मेवाली, माझ्या भाचीच्याच वयाची मुलगी. तिने दोघांना वाकून नमस्कार केला. ढोमणेजींनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

‘‘काका, आधी मी सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘हे गाणं मला मावशीने शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही, मला झोपवताना ती म्हणायची. भंडाऱ्याकडची आहे ती. तिच्या गावात भाताच्या रोवणीला बायका चिखलात वाकून हे गाणं म्हणतात. तिच्या आईच्या वेळपासून. मला खरंच वाटलं, हे त्यांचंच आहे.’’

‘‘कोनतं गाव?’’

तिने गाव सांगितलं. ढोमणेजींनी चष्मा काढला.

‘‘तिथं मंडई भरते,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही गेलो होतो एकदा. एकच कार्यक्रम केला. लोकं हासले, आम्ही बैलगाडीत बसलो अन् वापस आलो.’’

‘‘आणि गाणं तिथेच राहिलं,’’ मी म्हणाले.

ते चष्मा शर्टाला पुसत राहिले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर तो चिखल उभा राहिला असावा. कोणाकोणाच्या बायका, गुडघाभर पाण्यात, आपले शब्द तोंडात घेऊन वाकलेल्या. चाळीस वर्षं. आणि याचा त्यांना पत्ता नाही.

सानिकाने त्यांच्यापुढचा कागद स्वतःकडे ओढला आणि पेन काढलं. गाण्याखाली ‘गीत’ म्हणून त्यांचं नाव त्याच रात्री घालते म्हणाली. मांजर तिला ठाऊकच नव्हतं, मावशीच्या गाण्यात अंगणच होतं. एका कानाचं मांजर ऐकून ती खळखळून हसली आणि म्हणाली, ‘‘आज मांजरच गाते.’’ ‘मला’वर मात्र ती ओशाळली. ‘‘ते माझं. मावशी ‘मले’च म्हणते. पुण्यात लोकांना कळणार नाही असं वाटलं मला.’’ तिने तिथे खूण केली आणि खालच्या ओळीवर आली. ‘‘आणि हे ‘रे’. हे मी नाही केलं काका, बायकांनीच केलंय. पण तुम्ही म्हणाल तर बदलते.’’

‘‘थे राहू दे, बाई,’’ कुसुमताई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. त्या टेबलाच्या कडेला, पदर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

‘‘अवं, तुले काय समजते त्यात,’’ ढोमणेजी म्हणाले. ‘‘मूळ गाण्यात वं आहे.’’

‘‘मले नाही समजणार तं कोनाले समजन?’’ त्या सानिकाकडे वळल्या. ‘‘मी रामटेकले होती, बाई. मायरी. अकरा महिने. सासूचं अन् मायं पटलं नव्हतं. राखीले म्हणून गेली, अन् थांबली. वाटलं, हे येतील आणाले. सासूनं आपल्या पोराले सांगितलं, गेली तशी येईल, तू जाऊ नको. हे आले नाही.’’

‘‘इथं काय लावलं हे,’’ ढोमणेजी पुटपुटले.

‘‘इथंच. घरी तुमी बोलता कुठं?’’ आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या. ‘‘मी रोज दारात बसून राहायची. एक दिवस गावातली बाई सांगत आली, की तुया नवरा नागपूरले तुयावर गाणं म्हणून राहिला, लोकं पोट धरून हासून राहिले. मले वाटलं, मायी थट्टा मांडली. कोनी आणाले आलं नाही. गाणं आलं.’’

कुसुमताईंनी पदर सारखा केला.

‘‘मंग मायाच भावानं आणून सोडलं मले. मी कधी हे गाणं बसून ऐकलं नाही. पन तू म्हणते ना, बाई, कवा येशील रे, तवा मले वाटते, हे मीच म्हणून राहिली होती तिथं. वाट पाह्यता पाह्यता मायाही भात करपे.’’

ढोमणेजी सानिकापुढच्या कागदाकडे बघत होते. त्या कागदालाच सांगावं तसं म्हणाले, ‘‘थे हासाच्यासाठी नव्हतं लिहिलं.’’

‘‘मंग तसं काहून गायले?’’

‘‘दुसरं येत नव्हतं मले.’’

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण खुर्ची सरकवली असती तर आवाज झाला असता. ढोमणेजींनी सानिकाच्या हातातून पेन घेतलं. अनुक्रमांक तीनवर एक सरळ रेघ मारली, कचेरीत खाडाखोड केल्यावर करतात तशी बाजूला छोटी सही केली. मग उरलेल्या दोन्ही प्रतींवरही तेच केलं. तिसरी प्रत त्यांनी कुसुमताईंकडे सरकवली.

संध्याकाळच्या कार्यक्रमात सानिकाने त्यांचं नाव घेतलं आणि उभं राहायला सांगितलं. पोरांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. ढोमणेजी उठले आणि लगेच बसले. मग ती गायली. तशीच सावकाश. मांजर आलं तेव्हा मुलं हसली. ‘मले’ आलं तेव्हा आमच्या नागपूरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि ‘रे’पाशी सगळं गप्प झालं. कुसुमताई शेवटपर्यंत जागेवर बसून होत्या. मी मुद्दाम पाहिलं.

दोनेक महिन्यांनी कुसुमताई रामटेकला गेल्या. भावाच्या घरी काही कार्य होतं. ‘‘चार दिवस राहतो वं ताई. ह्यायच्याकडे जरा लक्ष ठेवजा,’’ असं मला सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर ढोमणेजी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे. हातात कापडी पिशवी.

‘‘मॅडम, किल्ली ठेवा.’’

‘‘कुठे निघालात?’’

‘‘रामटेकले. आणाले.’’

‘‘अहो, त्या कालच तर गेल्या.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. थोडा विचार केला. ‘‘तरी पन.’’

ऊन उतरता उतरता रिक्षा आली. आधी कुसुमताई उतरल्या. फाटकाशीच त्यांनी मला गाठलं. ‘‘पाहा वं ताई, काय माणूस आहे. पिशवीतून लुगडं काढलं नव्हतं मी अजून. भावजय हासून हासून पडली. दरवाजात उभे राहून म्हणतात, आणाले आलो. पाणी पेत नाही, बसत नाही.’’

ढोमणेजी मागे रिक्षावाल्याला सामान कसं धरायचं ते समजावत होते. मी किल्ली आणून दिली आणि म्हणाले, ‘‘मग तुम्ही कशाला आलात? सांगायचं ना, चार दिवसांनी येते म्हणून.’’

कुसुमताईंनी किल्ली घेतली. पदराला पुसली.

‘‘आणाले आले होते ना,’’ त्या म्हणाल्या, आणि कुलूप उघडायला गेल्या.